बॉयलरचं प्रेशर पुन्हा पुन्हा उतरतंय? आधी ते कधी उतरतं ते बघा

थंडी सुरू होते, घराचं हीटिंग चालू होतं आणि थोड्याच दिवसांत त्याचं पाणी तापवणारा बॉयलर मान टाकतो. पॅनेलवर कमी प्रेशरचा इशारा. फिलिंग व्हॉल्व्ह, म्हणजे नळाचं पाणी आत सोडणारी चावी, उघडून प्रेशरचा काटा दीड बारवर (बार हे दाबाचं एकक) आणला की बॉयलर निमूट चालू होतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच रडगाणं. ही तक्रार इतकी सर्रास आहे की बऱ्याच घरांत अधूनमधून पाणी भरणं हे एक नेहमीचं घरकामच होऊन बसतं. मेकॅनिक येतो, पाणी भरतो, 'आता ठीक आहे' म्हणतो आणि जातो.

रेडिएटरचं, म्हणजे खोलीत बसवलेल्या गरम पाण्याच्या पोकळ पत्र्यांचं, हीटिंग बंद वेटोळ्यात चालतं. बॉयलर, पाइप, रेडिएटर, पंप यांच्यात तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. वापरलं जाऊन संपावं असं त्यात काही नाही. त्यामुळे काटा वारंवार खाली येत असेल तर पाणी कुठून तरी बाहेर पडतंय, किंवा जी हवा आत असायला हवी ती जागेवर नाही. यापैकी नेमकं काय बिघडलंय हे एकही नट न उघडता, नुसत्या निरीक्षणावरून बऱ्यापैकी कळतं. मात्र बहुतेक जण थेट गळती शोधायला जमिनीवर ओणवे होतात.

नुसतं पाणी भरत राहिलं तर काय बिघडतं?

नळाच्या ताज्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो. वेटोळ्यातलं जुनं पाणी बिनऑक्सिजनचं झालेलं असतं, म्हणून त्यात लोखंडी रेडिएटर सहसा फारसे गंजत नाहीत. ताजं पाणी घातलं की गंज नव्याने सुरू होतो. गंजातून काळा गाळ होतो, तो पंपात आणि बॉयलरच्या हीट एक्सचेंजरच्या (जिथे ज्योतीची उष्णता पाण्यात जाते तो भाग) अरुंद वाटांत जाऊन बसतो. पाणी जड असेल तर क्षारही वाढतात. शिवाय गंज रोखण्यासाठी आधी घातलेलं रसायन दर भरणीला पातळ होत जातं. म्हणजे आज दोन मिनिटांत उरकलेलं काम पुढे रेडिएटरला भोकं पाडतं, आणि मग प्रेशर आणखी लवकर उतरायला लागतं. वर्षातून एखाद्या वेळी थोडं पाणी घालावं लागलं तर त्यात काही वावगं नाही. महिन्याला घालावं लागत असेल तर कारण शोधायलाच हवं.

काटा कुठे असायला हवा

बहुतेक घरगुती बॉयलरना थंड असताना १ ते १.५ बार प्रेशर लागतं. काही गेजवर पीएसआयचे आकडे असतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. हीटिंग चालू होऊन पाणी पूर्ण तापलं की काटा साधारण अर्धा ते पाऊण बार वर चढतो आणि निवल्यावर मूळ जागी परत येतो. अर्ध्या बारच्या आसपास उतरला की बरेच बॉयलर स्वतःहून बंद पडतात.

घर उंच असेल तर हिशोब थोडा बदलतो. दर १० मीटर उंचीला पाणी १ बार दाब खातं. गेजपासून सर्वांत वरचा रेडिएटर ६ मीटर उंच असेल, तर पाणी तिथवर नुसतं पोचायलाच ०.६ बार खर्च होतो, आणि वर थोडी शिल्लक लागते. तळघरात बॉयलर आणि तिसऱ्या मजल्यावर रेडिएटर अशी रचना असेल तर १ बारला वरचा रेडिएटर थंड राहणारच. तो बिघाड नव्हे.

वही घ्या, पाना नंतर

काही दिवस फक्त आकडे लिहा. सकाळी हीटिंग सुरू होण्याआधी, म्हणजे सगळं थंड असताना, एकदा. मग पूर्ण तापल्यावर एकदा. आकड्यासोबत तारीख आणि वेळ. मधे पाणी भरलं तर तेही टिपून ठेवा. मोबाइलवर गेजचा फोटो काढलात तरी चालेल, वेळ आपोआप नोंदली जाते.

या नोंदींतून सहसा तीनपैकी एक चित्र उभं राहतं. पहिल्यात तापल्यावर काटा सुसाट वर जातो, अडीच-तीनपर्यंत, आणि निवल्यावर पहिल्यापेक्षा खाली येऊन थांबतो. दुसऱ्यात चढउतार नेहमीसारखेच, पण थंड असतानाचा आकडा दिवसागणिक थोडा थोडा घसरतो. तिसऱ्यात उलटाच प्रकार: कोणी हात न लावता प्रेशर वाढतं. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत. 'प्रेशर कमी होतं' एवढंच मेकॅनिकला सांगितलं तर तो अंदाजाने एखादा भाग बदलेल आणि तुम्ही पैसे द्याल.

तापल्यावर सुसाट वर, निवल्यावर खाली

मला विचाराल तर आधी याचाच संशय घ्यावा, कारण इथे गळती घरात कुठे दिसतच नाही.

थंड पाणी ७०-८० अंशांपर्यंत तापलं की दोन-तीन टक्क्यांनी फुगतं. वेटोळ्यात १०० लिटर पाणी असेल तर दोन-तीन लिटर जास्तीच्या पाण्याला जागा हवी. ती जागा एक्सपान्शन टँक देतो. ही एक बंद धातूची टाकी, मधोमध रबरी पडदा, एका बाजूला हीटिंगचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. पाणी फुगलं की पडदा हवेकडे सरकतो, हवा आकसते, प्रेशर थोडंच वाढतं. छोट्या भिंतीवरच्या बॉयलरमध्ये ही टाकी आतच, मागच्या बाजूला असते. मोठ्या घरांत बाहेर पाइपवर टांगलेली, बहुधा लाल किंवा राखाडी.

रबरातून हवा वर्षानुवर्षं हळूहळू झिरपून जाते, किंवा पडदा फाटतो. मग टाकीत पाणीच पाणी होतं. पाणी काही हवेसारखं दाबून आकसत नाही. आता बॉयलर तापला की फुगलेल्या पाण्याला जायला जागा उरत नाही आणि काटा सरळ तीनकडे धावतो. तिथे सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. बऱ्याच घरगुती बॉयलरवर तो ३ बारचा असतो, अमेरिकी पद्धतीच्या यंत्रणांत ३० पीएसआयचा. नेमका आकडा व्हॉल्व्हवरच कोरलेला असतो. थोडं पाणी बाहेर फेकलं जातं, तेही घराबाहेर काढलेल्या बारीक पाइपातून, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. रात्री हीटिंग बंद होतं, पाणी आकसतं, काटा शून्याकडे जातो. सकाळी तुम्ही पाणी भरता. संध्याकाळी तेच पाणी पुन्हा बाहेर.

तपासायची सोपी युक्ती: बाहेरच्या भिंतीतून आलेल्या त्या तांब्याच्या पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सैलसर अडकवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. सैलसर हा शब्द महत्त्वाचा आहे. त्या पाइपाचं तोंड घट्ट बांधायचं नाही, बूच तर कधीच मारायचं नाही. तो बॉयलरचा शेवटचा जीवरक्षक आहे. हीटिंग चालू असताना तिथून येणारं पाणी भाजण्याइतकं गरम असतं, तेव्हा हात दूर ठेवा. पाइप घरातल्या ड्रेनला जोडलेला असेल तर जिथे उघडी फनेल दिसते तिथे बघा.

टाकी बाहेर असेल तर ती स्वतः तपासता येते. तिच्या टोकाला प्लास्टिकच्या टोपणाखाली मोटारीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. टोपण काढून मधली पिन क्षणभर दाबा. पाणी आलं तर पडदा फाटलाय, टाकी बदलायला हवी, दुसरा इलाज नाही. काहीच आलं नाही तर हवा संपली आहे. हवा आली तर ती पुरेशी आहे का ते मोजावं लागेल, आणि इथे हमखास फसगत होते. पाण्याचं प्रेशर तसंच ठेवून टायरगेज लावलं तर पडद्यापलीकडच्या पाण्याचाच दाब दिसतो आणि टाकी ठणठणीत आहे असं वाटतं. आधी बॉयलर बंद करून थंड होऊ द्या, ड्रेन कॉक, म्हणजे पाणी काढून टाकायची चावी, उघडून पाण्याचं प्रेशर शून्यावर आणा, मगच मोजा. टाकीवर छापलेला आकडा, बहुधा ०.७५ ते १ बार, येईपर्यंत सायकलच्या पंपाने हवा भरा. भरताना ड्रेन उघडाच ठेवायचा, म्हणजे पडद्यामागचं उरलंसुरलं पाणी निघून जातं. मग ड्रेन बंद करून पाणी भरा.

टाकी बॉयलरच्या आत असेल तर मात्र आवर घाला. अनेक गॅस बॉयलरचं पुढचं झाकण धुराला रोखणाऱ्या सीलचा भाग असतं. ते नीट बसलं नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, आणि त्याला ना वास, ना रंग. ते काम परवानाधारक माणसाचंच. बॉयलर असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, मग प्रेशर कितीही उत्तम असो.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे दुरुस्ती करूनही तक्रार तशीच राहते. सेफ्टी व्हॉल्व्ह अनेकदा उघडला की त्याच्या बैठकीत कचरा अडकतो आणि तो पुन्हा पूर्ण मिटत नाही. टाकीत हवा भरली, तापल्यावर काटा आता शहाण्यासारखा पावणेदोनला थांबतो, तरी बाहेरच्या पाइपातून थेंब चालूच. लोकांना वाटतं टाकीचं निदान चुकलं. ते चुकलेलं नसतं. आता व्हॉल्व्हही बदलायचा असतो. उलट क्रमाने केलं, म्हणजे नुसता व्हॉल्व्ह बदलला आणि टाकी तशीच ठेवली, तर नवा व्हॉल्व्हही लवकरच खराब होतो.

काटा भरभर पडतो म्हणजे गळती मोठी?

असं नाही, आणि हे समजून घेतलं तर बराच मनस्ताप वाचतो. ८ लिटरची टाकी ०.७५ बारला नीट भरलेली असेल, तर प्रेशर १.५ वरून १ बारला येईपर्यंत सुमारे १.४ लिटर पाणी निघून गेलेलं असतं. त्याच टाकीत हवा नसेल तर अगदी थोडं पाणी गेलं तरी काटा तितकाच पडतो, कारण दाब धरून ठेवायला आत काही दबण्याजोगं उरलेलंच नसतं. म्हणजे रोज शून्यावर जाणारा काटा एखाद्या क्षुल्लक झिरप्याचा असू शकतो, आणि महिन्याकाठी हळूच घसरणारा काटा जमिनीखाली लिटरच्या लिटर पाणी सोडत असू शकतो. गळतीचा आकार गेजवरून ठरवू नका. आधी टाकीची हवा ठीक करा, मग आकड्यांवर विश्वास ठेवा.

थंड आकडा हळूहळू घसरतोय

ही खरी गळती. ती बॉयलरच्या आत आहे की बाहेर, हे आधी ठरवा. बहुतेक बॉयलरखाली हीटिंगच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपवर बंद करण्याचे व्हॉल्व्ह असतात. बॉयलर बंद करून थंड होऊ द्या, प्रेशर दीडवर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा आणि रात्रभर सोडून द्या. गेज बॉयलरच्या बाजूला असेल आणि सकाळी काटा जागच्या जागी असेल, तर बॉयलर निर्दोष, दोष पाइप-रेडिएटरमध्ये. काटा पडला असेल तर गळती बॉयलरच्या आत: सेफ्टी व्हॉल्व्ह, एखादा सील, हवा काढणारा ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह, किंवा सर्वांत खर्चिक म्हणजे हीट एक्सचेंजर. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणाऱ्या बॉयलरमध्ये, एक्सचेंजरला चीर गेली की वेटोळ्यातलं पाणी कंडेन्सेटच्या, म्हणजे त्या वाफेचं पाणी बाहेर नेणाऱ्या, पाइपातून निमूट वाहून जातं. बॉयलर कितीतरी तास बंद आहे आणि तरी त्या पाइपातून थेंब येतोय, ही त्याची खूण. बाहेर गोठवणारी थंडी असेल तर ही रात्रभराची चाचणी करू नका. पाइपात पाणी गोठलं तर एका गळतीच्या चार होतील.

दोष बाहेर निघाला तर टिश्यू पेपर घ्या आणि एकेका रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या व्हॉल्व्हवर, नटांवर, खालच्या जोडावर टेकवत जा. हे हीटिंग बंद असताना करा. गरम पाइपावर बारीक झिरपा तिथल्या तिथे वाळून जातो आणि हाताला सगळं कोरडं लागतं. ओल मिळाली नाही तरी डाग मिळतात: तांब्या-पितळेवर हिरवट-निळे, लोखंडावर तपकिरी, कुठे पांढरट खवले. रेडिएटरचा व्हॉल्व्ह फिरवायच्या मुठीखालचा छोटा नट अगदी किंचित, पावफेर आवळला की बरेच झिरपे थांबतात. रेडिएटरच्या खालच्या शिवणीवर तपकिरी ठिपका दिसला तर तिथला रंग खरवडून बघायचा मोह आवरा. पत्रा आतून खाल्ला गेलेला असतो आणि ठिपक्याचं भोक व्हायला वेळ लागत नाही.

सगळे जोड कोरडे असतील तर लपलेले पाइप उरतात. पाण्याच्या मीटरची इथे काहीच मदत होत नाही, कारण फिलिंग व्हॉल्व्ह बंद असताना हे वेटोळं मीटरपासून तुटलेलं असतं. फरशीचा एखादाच तुकडा कारण नसताना कोमट लागणं, लाकडी जमीन फुगणं, खालच्या छतावर पिवळट वर्तुळ, ही लक्षणं पाहा. काँक्रीटमध्ये आवरणाशिवाय गाडलेले तांब्याचे पाइप कालांतराने बाहेरून खाल्ले जातात, म्हणून जुन्या घरात तिथला संशय आधी घ्यावा. इथे थर्मल कॅमेरा असलेला माणूस बोलावणं स्वस्त पडतं. अंदाजाने फरशी फोडणं महागात जातं.

बाटलीतून ओतायचं गळती बुजवणारं रसायन हा अनेकांचा आवडता जुगार. अगदी बारीक, पोचता न येणाऱ्या झिरप्यावर ते कधी कधी चालतं. पण टाकी किंवा सेफ्टी व्हॉल्व्हचा दोष असेल तर त्याचा काडीचाही उपयोग नाही, आणि ते बॉयलरच्या बारीक वाटांतही साचू शकतं. घालण्याआधी बॉयलरच्या वॉरंटीच्या अटी वाचा.

प्रेशर आपोआप वाढतंय

इथे नळाचं पाणी वेटोळ्यात शिरतंय. फिलिंग व्हॉल्व्ह नीट बंद नाही किंवा आतून झिजलाय. पाणी भरायच्या लवचीक नळीच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून ती नळी काढून ठेवा. वाढ थांबली तर चोर सापडला. नळी काढूनही काटा चढत असेल, आणि तोच बॉयलर नळाचं गरम पाणीही देत असेल, तर दोन पाण्यांमधल्या प्लेट एक्सचेंजरला आतल्या आत चीर आहे. नळाच्या पाण्याचा दाब बहुधा जास्त असल्याने ते हीटिंगमध्ये घुसतं. पुढे सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, ठिबकतो, आणि मग सगळ्यांना वाटतं की तक्रार प्रेशर कमी होण्याची आहे.

किरकोळ, पण फसवणारं

रेडिएटरमधली हवा काढली की प्रेशर उतरतं. ते साहजिकच आहे, नंतर काटा बघून पाणी भरा. रेडिएटर वरून थंड असेल तर आत हवा, खालून मधोमध थंड असेल तर गाळ. एकाच रेडिएटरमध्ये पुन्हा पुन्हा हवा जमत असेल तर ती बहुधा गंजातून तयार झालेला हायड्रोजन असतो आणि तो पेट घेतो, म्हणून तिथे ज्योत नेऊ नका. सोबत काळं पाणी येत असेल तर वेटोळं धुऊन घेऊन गंजरोधक घालायची वेळ झाली आहे. गेजवरही आंधळा विश्वास नको. पाणी काढून प्रेशर शून्य केल्यावरही काटा एकवर उभा असेल तर बिघाड गेजमध्येच आहे.

मेकॅनिकला काय सांगायचं

थंड किती, गरम किती, किती दिवसांत किती उतरतं, पिशवीत पाणी आलं का, रात्रभराच्या चाचणीत काय झालं. एवढं सांगितलंत की चांगला माणूस फोनवरच सांगतो कोणता भाग घेऊन यायचा ते. टाकी बदलत असेल तर नवी टाकी बसवण्याआधी तिची हवा मोजली का, हे नक्की विचारा. कारखान्यातून येणारा दाब तुमच्या घराच्या उंचीला जुळेलच असं नाही, आणि हे पाहण्याचा कंटाळा बरेच जण करतात.

दुरुस्तीनंतर नव्याने पाणी भरलं की सुरुवातीचे काही दिवस काटा थोडा उतरतो. ताज्या पाण्यातली विरघळलेली हवा तापल्यावर सुटते आणि ऑटोमॅटिक व्हॉल्व्हमधून निघून जाते. तेव्हा लगेच मेकॅनिकला फोन लावू नका. एकदा पाणी भरून दीडवर आणा आणि नोंदी चालू ठेवा. त्यानंतरही थंड आकडा घसरत राहिला, आणि बाहेरचा पाइप कोरडा असेल, तर बॉयलरखालचे दोन व्हॉल्व्ह बंद करण्याची चाचणी पुन्हा एकदा करा. जुन्या घरात दोन दोष एकदम असणं मुळीच दुर्मीळ नाही.